बघू का, असं विचारणाऱ्या सिस्टर

सिस्टरना 'खाली दुखतंय' असं सांगितलेलं चालत नसे. डोंगरातल्या वाडीवरून उतरून आलेली एखादी पदराचं टोक दातांत धरून तसं पुटपुटली की त्या म्हणत, "खाली पोलादपूर आहे. तुला कुठं दुखतंय ते सांग." ती हसे, मान फिरवी, आणि सांगत काहीच नसे. मग सिस्टर तिचा हात हातात घेत, कमरेला नाडीनं बांधलेलं नेलकटर काढत आणि तिची नखं कापायला बसत.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा पारा चढला होता. मी महाडची, बाजारपेठेत वाढलेली, नर्सिंगच्या परीक्षेत वर्गात दुसरी आलेली. कंत्राटी नोकरी लागली आणि कापडे गावाच्या बाजूच्या एका आरोग्य उपकेंद्रावर या मोठ्या सिस्टरांच्या हाताखाली येऊन पडले. बाहेर ओट्यावर आठ-दहा जणी खोळंबलेल्या, रजिस्टरं भरायची राहिलेली, आणि या आपल्या कुणाची तरी करंगळी धरून तिचं नख गोल करतायत. ही नोकरी आहे की न्हाव्याचं दुकान, असं मी मनात म्हणाले. ते चेहऱ्यावर दिसलं असणार. संध्याकाळी कुलूप लावता लावता त्या म्हणाल्या, "हात दुसऱ्याच्या हातात असला आणि नजर नखाकडे असली की माणूस बोलतं. डोळ्यांत डोळे घालून विचारलंस तर जन्मात सांगणार नाहीत. तू तरी सांगशील का?"

मी सांगितलं नसतं. ते कबूल करायला मला पुढं वर्ष लागलं.

सिस्टर मूळच्या शिवथरकडच्या. उंच, काटकुळ्या, पायांत पुरुषी चपला, आणि उन्हातही बंदच ठेवलेली छत्री. ती त्या चढाला काठी म्हणून वापरत. चहा बिनसाखरेचा पीत आणि दुसऱ्याच्या चहात किती साखर पडते त्याकडे टक लावून बघत. वाटेत म्हैस आडवी आली तर तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढं जात नसत. लोक त्यांना थोडं चक्रम समजत आणि तसं त्यांच्या तोंडावर म्हणतही. त्यांना त्याचं काही वाटत नसे. आता त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, त्यांच्या खुर्चीवर मी बसते, आणि मला लोक काय समजतात ते मी विचारत नाही.

त्यांची दुसरी खोड म्हणजे 'बघू का?' कुणालाही तपासायच्या आधी त्या हे विचारत आणि उत्तर येईपर्यंत हात मांडीवर ठेवून थांबत. विचारायचं म्हणून विचारणं नव्हे ते. समोरची 'नको' म्हणाली तर खरंच सोडून देत, दुसऱ्या गोष्टी बोलत, अर्ध्या तासानं पुन्हा विचारत. एकदा दम्याच्या एका आजोबांच्या छातीला नळी लावायच्या आधीही त्यांनी विचारलं. आजोबा खोकत म्हणाले, "बगा की वो, इचारता काय!" तर या म्हणाल्या, "छाती तुमची आहे, आजोबा." दोन तासांच्या लेकराचा लंगोट सोडतानाही त्या 'बघू का गो?' म्हणत. मी एकदा हसले, तर म्हणाल्या, "तिला आतापासून सवय लागू दे, कुणीतरी विचारतं याची."

आणि तिसरी खोड नावांची. मी रुजू झाले त्या आठवड्यात एका पेशंटला मोठ्या ऐटीत विचारलं, "प्रायव्हेट पार्टला खाज वगैरे?" तिला काहीच कळलं नाही. सिस्टर आतून म्हणाल्या, "पार्ट मोटारसायकलीला असतात. हिला खाज कुठं आहे ते विचार." मी दारामागं जाऊन त्यांना म्हटलं, सिस्टर, ते खाजगी आहे, मराठीत कसं म्हणायचं? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "खाजगी आहे, बिननावाचं नाही. जे दुखतं त्याला नाव नसेल तर तू औषध कशावर देणार?"

परीक्षेत मी त्याच आकृतीला पैकीच्या पैकी गुण घेतले होते. भगोष्ठ, शिश्निका, सगळं पाठ होतं. उच्चारायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटे.

त्यांची एक सभा मला नेहमी आठवते. गुरं सांभाळणाऱ्या लोकांची वाडी होती, समाजमंदिरात पंचवीस-तीस बायका जमल्या होत्या. लग्न झालेल्याच सगळ्या, काही नातवंडांच्या आज्या. मी तक्ते लावायला खिळे शोधत होते. सिस्टरनी तक्त्याकडे पाहिलंच नाही. खाली मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "म्हस माजावर आली हे कशावरून ओळखता गो?"

एकदम सगळ्या बोलायला लागल्या.

"वरडती. चारा सोडती."

"बळस टाकती. काचंवानी चिकट तार, लांबच्या लांब."

"निरणाला, मागच्या अंगाला, सूज येती. लाल दिसतंय. आत बोट लावून बगितलं तर गरम लागतंय."

एका म्हातारीनं तर हातवारे करून दाखवलं की वासरू अडलं तर कुठून हात घालायचा, कुठं काय लागतं, केवढं ताणतं. तिला कुणी अडवलं नाही, कुणी लाजलं नाही. सिस्टर मन लावून ऐकत होत्या, मधे मधे मान डोलवत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आणि तुमचं?"

"आमचं काय?"

"म्हशीचं एवढं सगळं ठाऊक. तुमचं स्वतःचं काय ठाऊक?"

कुणीतरी मागून म्हणाली, "आमचं कोण बगतंय?" आणि मोठा हशा झाला. पण तो हशा मधेच विरला. मला आठवतं, पुढच्या रांगेतल्या एकीनं हसता हसता डोळ्यांना पदर लावला होता.

सिस्टरनी खडू घेतला आणि शाळेतून आणलेल्या फळ्यावर आकृती काढली, महाडचा रस्ता सांगावा इतक्या सहजपणे. हे बाहेरचे मोठे ओठ, यांवर केस येतात. हे आतले ओठ. वर आतले ओठ जिथं मिळतात तिथं हा बारीक दाणा, शिश्निका. त्याच्याखाली लघवीची जागा. तिच्याखाली योनीचं तोंड, पाळी तिथून येते, बाळ तिथून येतं. आणि सगळ्यात मागं शौचाची जागा. धुताना पुढून मागं धुवायचं, आत साबण घालायचा नाही.

"म्हंजी लघवीची येगळी नि पोराची येगळी?" गुरांच्या बाळंतपणातली ती जाणकार म्हातारी विचारत होती. तिला स्वतःला पाच मुलं होती.

"वेगळी, आजी."

"आन् ह्यो दाणा कशाला?" हे कुणीतरी इतक्या हळू विचारलं की मला वाटलं भास झाला.

"तुझ्यासाठी," सिस्टर म्हणाल्या. "तुला बरं वाटावं म्हणून. दुसरं काही काम नाही त्याला."

या वेळी कुणी हसलं नाही. मग त्यांनी सगळ्यांना शेजारणीच्या कानाची पाळी बघायला लावली. कुणाची पाळी गालाला चिकटलेली, कुणाची लोंबती, एकीचा डावा कान उजव्यापेक्षा मोठा निघाला आणि तिला ते पन्नास वर्षांत माहीत नव्हतं. "आतले ओठही असेच," सिस्टर म्हणाल्या. "कुणाचे झाकलेले, कुणाचे बाहेर दिसणारे. एक लांब, एक आखूड. रंग अंगापेक्षा काळसर. हा रोग नाही, घाण नाही, कुणाच्या करणीनं झालेलं नाही. नाक जसं ज्याचं त्याचं, तसं हे."

मी मागं भिंतीला टेकून उभी होते आणि माझा हात माझ्याच कानाच्या पाळीला गेला होता.

परतीच्या वाटेवर आम्ही एका पाणवठ्याशी टेकलो. मी काही न बोलता सिस्टरांपुढं हात केला. त्यांनीही काही न विचारता नेलकटर काढलं. चौथ्या बोटापर्यंत मी सांगून टाकलं. वसतिगृहात असताना पुस्तकातल्या आकृतीशी मी स्वतःला ताडून पाहिलं होतं, एकदाच, दाराला कडी लावून. आकृतीत दोन सरळ, सारख्या रेघा होत्या. माझं तसं नव्हतं. तेव्हापासून मला खात्री होती की माझ्यात काहीतरी बिघडलेलं आहे, आणि नोकरीचं निमित्त सांगून मी दोन स्थळं परतवली होती.

सिस्टरनी अंगठ्याचं नख कापून फुंकर मारली. "ते चित्र काढणाऱ्यानं एकीचंही पाहिलं नसेल," त्या म्हणाल्या. "तुझं अंग आहे ते. घरी आलेल्या पाहुण्यासारखं वागवू नकोस त्याला." मी तिथं पुष्कळ रडले. इतकी वर्षं बाळगलेलं ओझं एवढ्या साध्या वाक्यानं उतरलं याचा मला आनंदही झाला आणि रागही आला.

पण स्वतःची लाज गेली म्हणून दुसरीच्या अंगाजवळ थांबायचा धीर आला, असं झालं नाही. मला हे लिहायचं आहे ते त्यामुळंच. त्याच हिवाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती एका बाळंतिणीला भोवली.

सविता तिचं नाव. वय तेवीस-चोवीस, पहिलं बाळंतपण, मुलगी. नवरा मुंबईला हॉटेलात कामाला, मुलीचं तोंड बघून परत गेला होता, शिमग्याला येणार होता. घरी ही आणि सासू. सासूला ती आत्या म्हणायची. त्यांचं घर सगळ्यात वरच्या वाडीवर, जिथं आमची सभा कधी झाली नव्हती, कारण तो चढ कुणालाच नको असे. दवाखान्यातून घरी आल्यावर सातव्या दिवशी तिला भेटायला मी एकटी गेले. दीड तास चढून पोचले तेव्हा माझा जीव मेटाकुटीला आला होता. बाळाचं वजन केलं, नाळ पाहिली. सवितेला विचारलं, "टाके दुखत नाहीत ना?" ती म्हणाली, "नाय." टाके डोळ्यांनी बघायचे असतात, कागदावर तसा रकाना असतो. ती शेगडीशी अवघडून बसली होती, सासू दारात उभी होती, मलाही अवघडल्यासारखं झालं. मी 'पाहिले' या रकान्यात खूण केली आणि उतरले.

आठवड्यानं वाडीवरच्या आशाताईचा फोन आला की बाळाला दूध पुरत नाही, बाळंतिणीला ताप आहे, आणि ती पाणीसुद्धा पीत नाही. सिस्टर म्हणाल्या, चल.

आम्ही पोचलो तेव्हा सासू गोठ्यातून हात धुऊन आली. पन्नाशीची, कष्टानं वाळलेली बाई. काळा चहा ठेवला, लेकराला झोळीत घातलं. तिच्या वागण्यात काही वाईट नव्हतं, उलट काळजीच होती. सविता भिंतीकडं तोंड करून निजलेली होती.

"पाणी का पीत नाहीस?" सिस्टरनी विचारलं.

"लघवीला जळतं."

"बघू का?"

"नको."

सिस्टर खाली बसल्या. सवितेचा डावा हात घेतला आणि नखं कापायला लागल्या. बाळाविषयी बोलल्या, नाव काय ठेवणार ते विचारलं. डावा हात झाला. "बघू का?" "नको." उजवा हात झाला. "बघू का?" सवितेनं पाय थोडे पुढं केले. सिस्टरनी तिचे पाय मांडीवर घेतले. माझ्या मनात येत होतं की हिला ताप आहे, आता तरी हे नाटक बंद करा आणि तपासा. दुसऱ्या पायाच्या करंगळीशी आल्यावर सविता भिंतीशीच बोलल्यासारखी म्हणाली, "गळून पडल्यावर बगा, सिस्टर. आता चारच दिवस ऱ्हायलेत."

नेलकटर थांबलं. "काय गळून पडल्यावर?"

"वाढलेलं मांस. आत्यांनी केस बांधलाय. घोड्याचा."

आमच्याकडं चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधतात. करकचून बांधला की रक्त पोचत नाही, चामखीळ सुकते आणि आठ दिवसांत गळते. महाडात आमच्या गल्लीतही हे चालायचं. मला सगळं एका क्षणात उमगलं. मी दाराकडं वळून सासूवर ओरडले, काय काय बोलले ते आज लिहवत नाही. पोलिसांचं नावही घेतलं.

"ओरडू नकोस," सिस्टर म्हणाल्या. "बॅटरी धर." मग पुन्हा सवितेला, "बघू का गो?"

तिनं मान हलवली.

"तोंडानं सांग."

"बगा."

टाके नीट भरले होते. आतल्या ओठांपैकी डावा उजव्यापेक्षा थोडा लांब होता, जन्मापासून असणार तसा. त्याला काळ्या केसाची गाठ घट्ट रुतलेली होती आणि गाठीपुढचं टोक सुजून जांभळं झालं होतं. सिस्टरनी बारीक कात्रीनं एका झटक्यात केस कापला. सवितेनं तेव्हा जो श्वास सोडला तो मी विसरलेले नाही. कोमट पाण्यानं धुऊन घेताना सिस्टर तिला सगळं सांगत होत्या, हे काय आहे, ते काय आहे, काय दुखेल, किती दुखेल.

"दवाखान्यात शिवताना आत घालायचं ऱ्हायलं त्यांचं," सासू दारातून म्हणाली. ती रडत नव्हती, समजावून सांगत होती. "न्हाऊ घालताना मी बगितलं. एका बाजूनं मांस बाहेर आलेलं. माझ्या मानंवरची चामखीळ अशीच गेली. म्हशीच्या आचळावरची गेली. माझा भाचा महाबळेश्वराला घोडी फिरवतो, त्याच्याकडनं केस मागवला. पोराला कळायच्या आदी बरी होईल म्हटलं. ही छोटी सिस्टर आल्ती की त्या दिवशी. तिनं कुटं बगितलं?"

मी बॅटरी धरून उभी होते. उजेड भिंतीवर गेला तशी सिस्टरनी ती माझ्याकडून काढून घेतली. त्या मला काही बोलल्या नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. सातव्या दिवशी मी दोन मिनिटं पाहिलं असतं आणि 'सगळं छान आहे, असंच असतं' एवढं म्हटलं असतं तर तो केस त्या घरात आलाच नसता. सासूवर मी एवढी का ओरडले ते मला तेव्हाच कळलं होतं.

"सविता," सिस्टरनी विचारलं, "हे आधीपासून असंच होतं की नंतर झालं?"

त्या मुलीनं पहिल्यांदा आमच्याकडं तोंड केलं. "मला ठाऊक नाय," ती म्हणाली. "मी कदी बगितलंच नाय. आत्या म्हनाल्या वाढलंय. मला ठाऊक असतं तर मी सांगितलं नसतं का, की माझं असंच हाय?"

सिस्टर उठून बाहेर आल्या. चारचौघांना हाक मारून डोली आणायला सांगितलं, रस्त्यापर्यंत न्यायला. ॲम्ब्युलन्सला फोन केला. सासू मागं मागं आली. "सिस्टर, दवाखान्यात नेताय तर त्यांना सांगा, सगळंच कापून टाका म्हनावं. एकदाचं मोकळं होऊ दे. शिमग्याला लेक येईल. त्यानं बगितलं नि तिला माहेरी धाडलं तर? माझ्या घराचं काय?"

"ते वाढलेलं नाही, ताई. ते तिचं आहे. तसंच असतं."

"तसं कुटं असतंय!"

सिस्टरनी तिला फळ्यावरची आकृती समजावली नाही, कानाच्या पाळीचं सांगितलं नाही. तेवढा वेळ नव्हता. खांबाला खिळ्यावर दाढीचा आरसा टांगलेला होता, तो काढला आणि माझ्या बॅटरीसकट तिच्या हातात दिला. "सुनेचं मी तुम्हांला पुन्हा दाखवणार नाही. ते तिचं आहे. तुम्ही तुमचं बघा. न्हाणीत जा, दार लावून घ्या."

ती आरशाकडं बघत राहिली. मला वाटलं फेकून देईल. मग ती न्हाणीत गेली आणि दार लागलं.

डोलीवाले आले, सवितेला घोंगडीत गुंडाळून बसवलं, बाळाला मी घेतलं. न्हाणीचं दार उघडेना. सिस्टर पायरीवर बसून राहिल्या, त्यांनी हाक मारली नाही, मलाही मारू दिली नाही. शेवटी सासू बाहेर आली. आरसा तिनं पोटाशी धरला होता, काच आतल्या बाजूला. तो खिळ्याला लावला, माझ्या हातातून नात घेतली आणि कुणाशी एक अक्षर न बोलता डोलीच्या मागून चालायला लागली. कापड्याला तीही ॲम्ब्युलन्समध्ये बसली.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, नवीनच आलेले, मनानं चांगले. त्यांनी तपासलं आणि पडद्याबाहेर येऊन आम्हांला सांगितलं की वेळेवर आणलंत, जंतुसंसर्ग आटोक्यात येईल, पण एवढंसं टोक मेलंय, ते काढावं लागेल. मग त्यांनी सासूकडं पाहून धीर द्यायला म्हणून हसत म्हटलं, "काढतोच आहे तर दोन्ही बाजू कापून सारख्या करून देतो. म्हणजे पुन्हा काही शंका नको."

पडद्याआड सविता ऐकत होती. ती आता कशालाही 'नको' म्हणण्याच्या पलीकडं गेली होती हे मला पडद्याबाहेर दिसणाऱ्या तिच्या निपचित पावलांवरून कळत होतं. सिस्टर बोलायला पुढं झाल्या. पण त्यांच्या आधी सासू पुढं झाली. एका हातानं तिनं नातीला खांद्याशी धरलं होतं, दुसऱ्यानं तिनं डॉक्टरांची बाही पकडली. बाहेरच्या बाकावर पुरुष बसले होते, कंपाउंडर उभा होता. तिनं आवाज खाली आणला नाही.

"मेलंय तेवढंच काडा, डाक्टर. बाकीला हात लावू नका. मी सांगितलेलं खोटं हाय, ते वाढलेलं नाय." तिनं बाही आणखी घट्ट धरली. "तिचं बराबर हाय. माझंबी तसंच हाय."

पडद्याच्या फटीतून मला सवितेचा चेहरा दिसला. तिनं भिंतीकडचं तोंड वळवलं होतं आणि ती सासूकडं पाहत होती.